एका चाकाचा ब्रेक : १९५५ ची ‘७२२’ आणि आजची घरची स्विफ्ट

१ मे १९५५. रोमहून उत्तरेला सिएनाकडे जाताना रादिकोफानीचा घाट लागतो. त्या घाटातल्या एका वळणावर चंदेरी रंगाची एक उघडी मर्सिडीज गरकन फिरली आणि रस्त्याकडेच्या चरात गेली. मागची बाजू चेपली. गाडीत दोघे होते : पंचवीस वर्षांचा इंग्रज ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस, आणि शेजारी दाढीवाला, लहान चणीचा पत्रकार डेनिस जेन्किन्सन. सीटबेल्ट कुणालाच नव्हते. मॉसने पहिला गिअर टाकला, गाडी चरातून बाहेर काढली आणि पुन्हा वाटेला लागला. पुढच्या चाकाचा एक ब्रेक बराच वेळ मधूनच पकडत होता आणि त्या वळणावर त्याने एकट्यानेच पकडलं, इतकंच कारण.

ही गाडी म्हणजे मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर. बोनेटवर लाल अक्षरांत ७२२ हा आकडा, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ब्रेशियाहून सुटली होती. शर्यत होती मिल्ले मिल्या, म्हणजे ‘हजार मैल’. ब्रेशिया, पादोवा, रिमिनी, पेस्कारा, लाक्विला, रोम, सिएना, फ्लोरेन्स, बोलोन्या आणि परत ब्रेशिया. एकूण १,५९७ किलोमीटर, तेही नेहमीच्या वापरातल्या रस्त्यांवरून, गावांच्या बाजारपेठांतून आणि डोंगरांतल्या घाटांतून. मॉस आणि जेन्किन्सन यांनी हे अंतर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापलं. सरासरी निघाली ताशी १५७.६५ किमी. थांबे, वळणं, गावं सगळी धरून! आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं सुमारे ९४ किमी अंतर या सरासरीने ३६ मिनिटांत संपेल.

जुनी रेसिंग कार आणि आजची रोजची कार यांची तुलना निघाली की गप्पा हॉर्सपॉवर आणि टॉप स्पीडवरच अडकतात. मला ती तुलना अपुरी वाटते. म्हणून इथे एकच शर्यत घेतली आहे, आणि तिच्यातले मोजके क्षण घेऊन प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला आहे : इथे ७२२ ने काय केलं आणि माझ्या दारातली स्विफ्ट काय करेल?

शेजारी उभ्या केल्या तर

पहिलं आश्चर्य वजनाचं. ३०० एसएलआर इंधनाविना सुमारे ९०० किलोची. मे २०२४ मध्ये आलेली स्विफ्ट साधारण ९२० किलोची. म्हणजे दोघी जवळजवळ एकाच वजनाच्या. स्विफ्टमध्ये पाच जणांची जागा, छत, काचा, एसी, सहा एअरबॅग आणि डिकी आहे. ७२२ मध्ये दोन माणसं बसतील एवढी खोबण, एक लहानशी काच आणि उरलेलं सगळं यंत्र.

दुसरं आश्चर्य टायरचं. ७२२ च्या मागच्या टायरची रुंदी सात इंच, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर. स्विफ्टला मॉडेलप्रमाणे १६५ किंवा १८५ मिलिमीटरचे टायर येतात. तेव्हा रस्त्याला टेकणाऱ्या रबराचा पट्टा दोघींचा साधारण सारखाच.

फरक आहे तो इंजिनात. ७२२ चं इंजिन २,९८२ सीसीचं, आठ सिलिंडर एका ओळीत. ओळ एवढी लांब की शाफ्ट पिळवटू नये म्हणून ताकद मधोमध काढून घेतलेली. सुमारे ३१० हॉर्सपॉवर, मिनिटाला ७,५०० फेऱ्यांच्या आसपास. इतक्या वेगात व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) नुसत्या स्प्रिंगने वेळेवर मिटत नाही, म्हणून तो उघडायलाही कॅम (त्याला ढकलणारा फिरता उंचवटा) आणि मिटायलाही कॅम. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. ही विद्या जर्मनांनी युद्धकाळातल्या विमानांच्या इंजिनांतून आणली होती. स्विफ्टचं इंजिन तीन सिलिंडरचं, १.२ लिटरचं, सुमारे ८२ हॉर्सपॉवरचं. म्हणजे त्याच वजनाला आणि तेवढ्याच रुंदीच्या टायरला ७२२ मध्ये पावणेचार पट ताकद जोडलेली होती. पुढची सगळी गोष्ट या एका गणितातून निघते.

त्या दिवशी त्याच रस्त्यावर त्या काळची रोजची गाडीही धावली होती, हे सांगायलाच हवं. मर्सिडीजची १८० डी, टॅक्सी म्हणून वापरली जाणारी, चाळीसेक हॉर्सपॉवरची डिझेल मोटार. ती डिझेल गटात पहिली आली, जवळपास १७ तासांत. घरगुती गाडीने इटलीभर ताशी ९५ किमीच्या आसपास सरासरी राखली! मला याचं कौतुक ७२२ इतकंच वाटतं.

वेगाचा प्रश्न लवकर मिटतो

सरळ रस्त्यावर ७२२ ताशी १७० मैल, म्हणजे सुमारे २७५ किमी वेगाने जात होती. स्विफ्ट तिथे पोहोचणारच नाही. ७२२ ची जी दिवसभराची सरासरी होती, त्या वेगाला स्विफ्टचं इंजिन जवळपास संपतं. आपल्या एक्स्प्रेसवेवर सपाट भागात मर्यादा १०० किमीची आहे आणि ती योग्य आहे. वेगात ७२२ जिंकते, इथे वाद नाही.

पण वेगाची किंमत ब्रेकमध्ये मोजावी लागते. ताशी १०० वरून थांबताना ब्रेकला जेवढी उष्णता गिळावी लागते, त्याच्या ढोबळमानाने सातपट उष्णता त्याच वजनाच्या गाडीला २७५ वरून ६० वर आणताना निर्माण होते. यातला काही भाग वारा खातो, बाकीचा ब्रेकवर येतो. आणि हे एकदा नव्हे, दहा तास, प्रत्येक सरळ रस्त्याच्या टोकाला.

पादोवामध्ये नेमकं हेच झालं. मागून फेरारीतला प्रतिस्पर्धी कास्तेलोत्ती चढून येत होता. मॉसने एका वळणाला ब्रेक उशिरा मारला आणि ७२२ गवताच्या गासड्यांवर जाऊन आदळली. कास्तेलोत्ती पुढे निघून गेला. तिथे गासड्या होत्या म्हणून गोष्ट पुढे सरकली.

ड्रमच्या आत

आता रादिकोफानीकडे. इथे जरा थांबावं लागेल.

मागच्या दिवाळीआधी मी स्विफ्ट सर्व्हिसिंगला नेली, तेव्हा मिस्त्रींनी मागचं चाक काढून ड्रम उघडला. स्विफ्टला पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा धरतो) असली तरी मागे आजही ड्रमच (चाकाबरोबर फिरणारा बंद डबा, त्याला आतून शू दाबतात) आहे, हे अनेकांच्या लक्षात नसतं. आत दोन अर्धगोल शू, त्यांना ताणून धरणाऱ्या स्प्रिंगा, आणि सगळ्यावर पिठासारखी बारीक करडी धूळ. मिस्त्रींनी ब्रशने धूळ झाडली, शूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “दोन्ही बाजू सारख्या घासल्यात साहेब, चिंता नाही. एक बाजू जास्त पकडायला लागली की गाडी ओढते.”

७० वर्षांपूर्वी इटलीतल्या घाटात जे घडलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

ड्रमचा शू जेव्हा फिरणाऱ्या ड्रमला टेकतो, तेव्हा ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि आणखी घट्ट दाबतो. पायाने लावलेला जोर आपोआप वाढतो. म्हणून कमी कष्टात ब्रेक लागतो, पण घर्षण जरा जरी बदललं तरी परिणाम कितीतरी पटींनी बदलतो. एका बाजूचा ड्रम जास्त तापला, एका शूचा पृष्ठभाग बदलला, की पाय तोच, दाब तोच, पण एक चाक दुसऱ्यापेक्षा जोरात पकडतं. उलट ड्रम खूप तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि पाय खोल जातो. डिस्कमध्ये हे स्वतःला ओढून घेणं नसतं, शिवाय ती उघड्या वाऱ्यात असते. जग्वारने १९५५ च्या ल मान्सच्या (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) गाडीला डिस्क लावल्या होत्या. मर्सिडीज मात्र ड्रमवरच राहिली. ३०० एसएलआरचे ड्रम एवढे मोठे होते की ते चाकात न बसवता गाडीच्या पोटात बसवले होते.

म्हणून रादिकोफानीच्या वळणावर पुढचं एक चाक मॉसने न सांगताच पकडलं, आणि त्या चाकाभोवती सगळी गाडी फिरली. जगातला त्या काळचा एक सर्वोत्तम ड्रायव्हर होता, तरी त्याच्या हातात काही उरलं नाही. कारण चारही चाकांना पेडल एकच. एकाच चाकाचा ब्रेक सोडायची सोय माणसाच्या पायाला नाही.

आता माझा अनुभव. गेल्या श्रावणात आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरत होतो. आई मागे झोपलेली. पाऊस नुकताच थांबलेला, वेग चाळीस-पंचेचाळीस. वळण घेतलं तर समोर दरडीची लाल माती रस्ताभर पसरलेली आणि अलीकडे एक टेम्पो थांबलेला. मी ब्रेकवर उभाच राहिलो आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. पायाखाली पेडल थडथडलं, जणू खालून कुणी बारीक हातोडीने ठोकत आहे. त्याच वेळी डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र दोनदा लुकलुकलं. गाडीची शेपूट किंचित हलली आणि सरळ झाली. टेम्पोच्या बाजूला थांबलो तेव्हा आईने डोळे उघडून विचारलं, “आलं का रे साखरपा?”

ते थडथडणं म्हणजे एबीएस : चाक लॉक होऊ लागलं की ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडायचा आणि पुन्हा लावायचा, म्हणजे चाक फिरत राहतं आणि गाडी वळू शकते. आणि ते पिवळं चित्र म्हणजे ईएसपी. स्टिअरिंग कुठे वळवलं आहे हे एक सेन्सर सांगतो, गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे हे दुसरा सांगतो. दोन्ही जुळले नाहीत की संगणक कुठल्यातरी *एकाच* चाकाला ब्रेक लावतो. शेपूट बाहेर जाऊ लागली तर सहसा बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक.

हे मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. ७२२ ला ज्याने चरात घातलं, ते एका चाकाचं एकट्याने पकडणंच होतं. माझी स्विफ्ट ज्याने रस्त्यावर ठेवली, तेही एका चाकाचं एकट्याने पकडणंच. कुठलं चाक, कधी आणि किती, हे ठरवणारं कुणीतरी मध्ये आलं, एवढा एकच फरक.

हा फरक पडायला चाळीस वर्षं लागली, आणि तो त्याच कंपनीच्या हातून पडला. बॉश आणि मर्सिडीज यांनी इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये आणला आणि ईएसपी १९९५ मध्ये एस-क्लासच्या कूपेमध्ये, म्हणजे दोन दारांच्या आवृत्तीत. महागड्या गाडीतलं हे साधन साध्या गाडीपर्यंत पोहोचलं ते एका फजितीमुळे. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक आलेलं सांबर चुकवावं तशी झटक्यात वळणं घेताना, मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या लहान गाडीत ईएसपी सरसकट दिला. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे, आणि २०२४ च्या स्विफ्टमध्ये ईएसपी अगदी सर्वात स्वस्त मॉडेललाही आहे. गाडी घेताना टचस्क्रीन केवढा आहे हे पाहणाऱ्यांनी आधी हे पाहावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कागदाची गुंडाळी

मग ७२२ जिंकली कशी? तिथे जेन्किन्सनचं काम येतं.

त्याने आणि मॉसने शर्यतीआधी पूर्ण मार्गावर अनेकदा गाडी चालवून प्रत्येक धोक्याचं वळण, उंचवटा, रेल्वे फाटक टिपून घेतलं होतं. या टिपणांची पाच मीटरांहून लांब कागदी पट्टी करून ती एका ॲल्युमिनियमच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली होती. डबीला पारदर्शक खिडकी, म्हणजे वारा-पावसाचा त्रास नाही. जेन्किन्सन रूळ फिरवत जाई आणि हाताच्या ठराविक खुणांनी पुढचं वळण सांगे. बोलून सांगायचा प्रयोग आधी करून पाहिला होता, पण एकाग्र झालेल्या मॉसच्या कानावर शब्द पडत, डोक्यात जात नसत. हात मात्र दिसत.

वाटेत जेन्किन्सनला उलटी झाली आणि वाऱ्याने चष्मा उडाला. जवळ दुसरा होता म्हणून निभावलं. पुढे दिसत नसलेल्या चढावर त्याने ‘रस्ता सरळ आहे’ अशी खूण केली की मॉस पाय न उचलता ताशी २७५ ने तो चढ ओलांडे. पलीकडे काय आहे हे एकालाही दिसत नसे. एकाचा कागदावर विश्वास, दुसऱ्याचा त्याच्या हातावर.

आज स्विफ्टमध्ये फोनचा नकाशा पुढचं वळण बोलून दाखवतो. सोय मोठी आहे, पण जेन्किन्सनच्या पट्टीत जे होतं ते यात नाही : वळण किती तीव्र, कुठल्या वेगाने, पुढे रस्ता घसरडा की नाही. इथे मी निःसंशय १९५५ च्या बाजूने कौल देतो.

बाहेर उभी असलेली माणसं

त्या दिवशी मर्सिडीजच्या चार ३०० एसएलआर धावल्या. मॉस पहिला, हुआन मॅन्युएल फांजिओ एकटाच चालवत सुमारे ३२ मिनिटांनी दुसरा, तोही शेवटी आठपैकी सातच सिलिंडरांवर. कार्ल क्लिंगची गाडी रोमजवळ रस्ता सोडून गेली, हान्स हेरमानची फ्लोरेन्सच्या पुढच्या घाटांत बाद झाली. चारपैकी दोन! १,६०० किलोमीटर म्हणजे आपल्याकडे पुणे-दिल्लीपेक्षा थोडं जास्त. सुट्टीत एवढा प्रवास करणारा स्विफ्टवाला निघताना फक्त हवा आणि कूलंट बघतो.

आणि सहा आठवड्यांनी, ११ जून १९५५ ला, ल मान्सला पिएर लव्हेगची ३०० एसएलआर पुढच्या गाडीच्या मागच्या भागावर चढून प्रेक्षकांत कोसळली. लव्हेग आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. वजन वाचवण्यासाठी गाडीचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. तो पेटला की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. त्या वर्षाअखेर मर्सिडीजने शर्यती सोडल्या. १९५७ मध्ये मिल्ले मिल्यात आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा साथीदार आणि मुलांसह नऊ प्रेक्षक मेले. रस्त्यावरची ती वेगाची शर्यत तिथेच बंद झाली, म्हणून मॉसचा विक्रम आजवर कायम आहे.

७२२ बद्दल प्रेमाने लिहिताना हे वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. ती गाडी अप्रतिम होती, आणि तिच्या चुकीची शिक्षा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला होत होती. आजच्या साध्या गाडीचं पुढचं नाक ठरवून चेपण्यासाठी बनवलेलं असतं, म्हणजे माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. ही कल्पनाही मर्सिडीजच्याच बेला बारेनीची, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीची. म्हणजे एकाच कारखान्यात एकीकडे मॅग्नेशियमची गाडी बनत होती आणि दुसरीकडे चेपणारं नाक कागदावर येत होतं. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने दिला.

रेसिंग कार ऑफिसला नेली तेव्हा

तुलनेचा उलटा प्रयोगही एका माणसाने केला आहे. ३०० एसएलआर घडवणाऱ्या रुडोल्फ उलेनहाउटने तिच्या दोन बंद छताच्या आवृत्त्या करवल्या होत्या. मर्सिडीज शर्यतीतून बाहेर पडल्यावर त्यातली एक तो कंपनीची गाडी म्हणून रोज वापरू लागला. आवाज असह्य, म्हणून बाजूला सुटकेसएवढा सायलेन्सर लावावा लागला. त्या दोनपैकी एक मे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेली. तेव्हा रेसिंग कार रोज चालवता येते, पण त्यासाठी तिचा जन्मदाता असावं लागतं.

माझा कौल असा. कोरड्या रस्त्यावर, मॉस चालवत असताना, ७२२ ला ईएसपी लावला असता तरी ती सरळ रस्त्यावर एक सेकंदही जास्त पळाली नसती. रादिकोफानीच्या त्या एका वळणावर मात्र ती चरात गेली नसती. ज्या रस्त्यावर चालवणारा मॉस नाही, शेजारी जेन्किन्सन नाही आणि मागे आई झोपली आहे, तिथे मी स्विफ्टच घेईन. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ७२२ ब्रेशियात शिरली तेव्हा दोघांचे चेहरे धुळीने आणि काजळीने काळे झाले होते, गॉगलपुरती गोरी वर्तुळं उरली होती, आणि गाडीची मागची बाजू चेपलेलीच होती.